धुऱ्यावरचं कवठ

दप्तरखाना सांभाळणाऱ्या काकाजींना प्रश्न विचारायचा नाही, हे मला कचेरीत पहिल्याच सकाळी पट्टेवाल्यानं बजावलं होतं. मला ती थट्टा वाटली. तासाभरातच मी दप्तरखान्यात जाऊन विचारलं, "काकाजी, इथली किल्ली कुठे असते?"

किल्ली त्यांच्या कमरेलाच लोंबत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नोंदवही उघडली, बोटानं ओळ शोधली, ती पूर्ण वाचली, आणि मग म्हणाले, "माह्याजवळ."

बाहेर पट्टेवाला भिंतीला टेकून हसत होता. "त्याइले त्याइचं नाव इचारा जी, थेही वहीत पाहूनच सांगतीन."

ही गोष्ट अकोल्याची. तेव्हा परदेशात कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. मी अमरावतीहून कारकून म्हणून बदलून आलो होतो, वय तिशी ओलांडलेलं. काकाजी साठीच्या आसपासचे. आता मी त्यांच्या वयाला पोचलो, तरी त्यांच्याबद्दल कुठे काही लिहून ठेवलं नव्हतं. ते राहून गेलं होतं, म्हणून लिहितो.

कागदावर न पाहिलेली कोणतीही गोष्ट काकाजी सांगत नसत. "जेवण झालं का?" म्हटलं की "झालं असन, हात ओला हाये." "घरी सगळे बरे ना?" "सकाळी होते." "पाऊस येईल का?" या प्रश्नावर ते थेट उठून निघून जात. अंगानं काटकुळे, धोतर स्वच्छ, आणि अंगाला कायम कडुनिंबाच्या पाल्याचा वास. कसर लागू नये म्हणून तो पाला ते निकालांच्या कागदांत ठेवत. हे कागद लाल खारव्याच्या कापडात बांधलेले असत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणायचं. साहेबांनी एखादा जुना निकाल मागवला की काकाजी रुमाल मेजावर ठेवत आणि म्हणत, "हा आला." आणला, असं कधी म्हणत नसत.

दुसरी खोड मला जास्त विचित्र वाटे. दुपारी ऊन कललं की खिडकीच्या गजांची सावली दप्तरखान्याच्या जमिनीवर सरकू लागे. काकाजी आपलं आसन उचलून तिच्यापुढे सरकत, पुन्हा सरकत, शेवटी भिंतीला टेकत. कोणाची सावली उघड्या कागदावर पडली तर म्हणत, "सावली उचला जी." आणि माणूस खरंच बाजूला होई. त्यांच्या आवाजात असं काही होतं की हसू यायचं नाही.

आमचं काम कसं चाले ते आधी सांगायला हवं. साहेब बदलत. नव्या साहेबाला मुलूख ठाऊक नसे. धुऱ्याचा, विहिरीचा, वाटेचा तंटा समोर आला की तो पहिलं विचारी, "अशा तंट्यात याआधी काय ठरलं होतं?" जे आधी ठरलं असेल तेच तो पुढे ठरवी, आणि मग ते दोन निकाल मिळून तिसऱ्याला वाट दाखवीत. पण आधी काय ठरलं होतं हे फक्त काकाजींच्या डोक्यात. ते रजेवर गेले की कचेरी आंधळी. मला हे पटेना. मी दोन महिने बसून सगळे रुमाल सोडले आणि विषयवार यादी केली: विहिरी, वाटा, दत्तक, झाडे. कोणता निकाल कोणत्या रुमालात, ते एका ओळीत. साहेब इतके खूश झाले की यादीची एक नक्कल अमरावतीला गेली आणि बाकीच्या तालुक्यांना.

काकाजी तेवढे खूश नव्हते. ते म्हणाले, "तुमी त त्याइले रस्ता दाखवून देल्ला."

"कोणाला?"

"निकालाइले. निकाल देल्ला म्हनजे संपला, असं वकिलाले वाटते. तो तिथून चालू लागते, बापा."

मी ते बोलणं म्हाताऱ्याची लहर म्हणून सोडून दिलं.

यादीत 'झाडे, धुऱ्यावरची' या मथळ्याखाली तेव्हा एकच ओळ होती. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्यावरचं झाड कोणाचं, हा तो तंटा. निकाल कापसाला भाव येण्याच्या बराच आधीचा होता. त्यात साहेबांनी लिहिलं होतं की या मुलखाची जुनी चाल अशी: दिवस कलल्यावर झाडाची सावली ज्याच्या वावरात पडते, झाड त्याचं, त्यानं ठेवावं किंवा तोडावं.

तेव्हा कोणाला त्याचं काही नव्हतं. पण आता सावलीखाली कापसाची पऱ्हाटी खुरटते, बोंड धरत नाही, हे प्रत्येकाला खुपू लागलं. पऱ्हाटीच्या ज्या चार ओळींकडे पूर्वी कोणी पाहत नसे त्या चार ओळींसाठी भाऊ भावावर फिर्याद करू लागला. वकिलांनी माझी यादी उघडली, ती एकच ओळ सापडली, आणि तिच्यावर दुसरी आली, तिसरी आली. एका वकिलानं विचारलं, सावली कोणत्या महिन्यातली धरायची? तेव्हाच्या साहेबांनी ठरवलं की पोळ्याच्या दिवसाची, कारण तो दिवस सगळ्यांना ठाऊक असतो. त्या पानाला मला खालून दोनदा कागद चिकटवावा लागला.

प्रत्येक नवा निकाल यादीत लिहिताना काकाजी एकच प्रश्न विचारत. स्वतः उत्तर न देणारा हा माणूस तेवढा एक प्रश्न मात्र न चुकता विचारी: "कोनतं गाव?"

गाव सांगितलं की ते डोळे मिटून बोटांवर मोजत. "म्हनजे अजून तीस कोस." पुढच्या खेपेला, "अजून अठरा." पहिले निकाल अमरावतीकडचे, महिन्याच्या नकलांतून आलेले, नांदगाव खंडेश्वराच्या बाजूचे. मग मूर्तिजापूर. मग अकोल्याच्या पूर्वेचं एक गाव, मग अकोल्याच्या वेशीजवळचं.

"काकाजी, हे अंतर कुठपर्यंतचं मोजता?" मी एकदा विचारलंच.

ते उठून जातील असं वाटलं. पण बसून राहिले. "बाळापूरच्या वाटेवर आमचं वावर हाये. पूर्वेच्या धुऱ्यावर कवठ हाये. त्याच्याखाली आमची पोरगी." ती बारशाआधीच गेली होती. लेकरू म्हणून पुरलेली. "तिले नाव नाही ठेवलं. कोन्या कागदात ते नाही. तुमची काकू रोज तिथं तांब्याभर पानी टाकते. झाड हाये म्हून जागा हाये." मग म्हणाले, "आन् तो निकाल तिकडंच येऊन राहिला."

मी त्यांची समजूत घातली. शेजारी भला माणूस आहे, दरवर्षी हुरडा पाठवतो, हे मला ठाऊक होतं. काकाजींनी मान हलवली, पण त्या दिवसापासून प्रत्येक गाव ऐकताना मीही बोटांवर मोजू लागलो.

त्याच हिवाळ्यात अशाच एका तंट्यात एक म्हातारा साक्षीदार आला. अकोल्याच्या पश्चिमेला तीन कोसांवरचं गाव, नव्वदीचा माणूस, दोघांनी धरून आणलेला. साहेबांनी विचारलं, सावलीची ही चाल तुमच्या गावात होती का? म्हातारा शपथेवर म्हणाला, "होती ना जी. माहा आजा पोळ्याच्या दिसी बैल धुतल्यावर सावली मोजे. म्या सोता पाह्यलं."

मी लिहीत होतो. मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला. काकाजींच्या हातून रुमाल सुटला होता.

म्हातारा बाहेर ओट्यावर बसला तेव्हा काकाजी त्याच्यापुढे जाऊन उकिडवे बसले. "आजोबा, आता कोनी लिहून नाही राहिलं. खरं सांगा. तुमी पाह्यलं?"

"पाह्यलं म्हनजे? मी त्याच्या खांद्यावर बसलो होतो ना!" म्हातारा चिडला. "तुमी काहून असे पाहून राहिले माह्याकडं? मेलेला मानूस पाह्यल्यासारखे?"

दप्तरखान्यात परत आल्यावर काकाजींनी दार लोटलं आणि मला सांगितलं. पहिल्या निकालाच्या वेळी ते साहेबांबरोबर पाहणीला गेले होते. दोन्ही पक्ष दोन तोंडांनी बोलत होते. साहेब घोड्यावर, हातात घड्याळ. त्यांनी काकाजींना विचारलं, "तुम्ही इथले. या मुलखात अशा झाडाची चाल काय?"

"मले माहीत नव्हती," काकाजी म्हणाले. "अशी चालच नव्हती. कोनी कधी भांडलंच नव्हतं. मले भूक लागली होती, ऊन लागत होतं. वर पाह्यलं, सावली त्या पूर्वेच्या वावरात पडली होती. मी बोलून गेलो. दोन श्वासांत. साहेबानं तिथंच लिहून घेतलं."

"आणि पोळा?"

"पोळा त मी बोललोच नाही! पोळा त्या दुसऱ्या साहेबाचा, तीन सालांआधीचा. मंग या मानसाच्या आज्यानं सावली मोजली कशी?"

मी म्हटलं, म्हातारा खोटं बोलला.

"नाही जी. मी त्याचे डोळे पाह्यले." ते खिडकीच्या गजांच्या सावलीकडे बघत होते, ती त्यांच्या पायाशी आली होती. "मी बोललो तवा ते खोटं होतं. आता ते खरं हाये. मांगं जाऊन खरं झालं. कवा झालं, ते कोन्या रुमालात नाही."

वैशाखात बाळापूरच्या बाजूची फिर्याद आली. शेजाऱ्याचीच. तो आधी कचेरीच्या आवारात काकाजींना भेटला, डोक्याचं मुंडासं हातात घेऊन. "काकाजी, राग नका मानू. चार ओळी पिवळ्या पडतेत. पोरं आयकत नाहीत. कायदा सगळ्याइले एकच म्हनतेत." कवठाखाली काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं ते वावर नंतर विकत घेतलं होतं. काकाजींनी त्याला सांगितलंही नाही. नोंद नव्हती ना.

सुनावणीच्या दिवशी साहेबांनी नेहमीसारखा पहिला निकाल मागवला. काकाजींनी रुमाल आणला, मेजावर ठेवला, म्हणाले, "हा आला." आणि वळून स्वतः प्रतिवादीच्या जागी जाऊन उभे राहिले.

त्यांनी सगळं सांगितलं. चाल नव्हती, ते मी उन्हाच्या तडाख्यात बोललेलं वाक्य आहे, पुढचे सगळे निकाल त्या वाक्यावर उभे आहेत. साहेब नवे होते पण चांगले होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्याकडून यादी मागितली आणि पानावरून बोट खाली खाली नेलं, चिकटवलेल्या कागदांपर्यंत. "इतक्या गावांच्या इतक्या वृद्धांनी शपथेवर सांगितलं की चाल होती. आपण एकटे म्हणता, नव्हती. आपलं म्हणणं कुठे लिहिलेलं आहे?"

"कुठंच नाही, साहेब," काकाजी म्हणाले. आपल्याच नियमानं ते हरले.

हुकूम झाला: पोळ्याच्या दिवशी नाझरानं जाऊन सावलीची खात्री करावी आणि झाड शेजाऱ्याच्या ताब्यात द्यावं. नाझर म्हणजे हुकूम बजावणारा अधिकारी. लिहायला मी.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून आम्ही सकाळीच घोड्याच्या टांग्यातून निघालो. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. त्या वाटेवरून मी पूर्वी गेलो होतो. तेव्हा धुरा लांबूनच दिसे, झाडांच्या रांगेवरून. आता सपाट हिरवं रान, आणि मधून मधून बुंधे. गावांतून बैलांच्या घुंगरांचे आवाज येत होते, पण वावरांत दुसरंच काहीतरी चाललं होतं. धुऱ्यांवर माणसं उभी होती. एकेकटी, अंतराअंतरावर, मान खाली घालून. सगळे जमिनीकडे बघत उन्हाची वाट पाहत होते.

"दरसाल असेच उभे राहतेत," टांगेवाला म्हणाला. "जुनी चाल हाये."

वावरात काकू आधीच येऊन बसल्या होत्या, कवठाच्या बुंध्याशी, जवळ रिकामा तांब्या. काकाजी त्यांच्यापासून दहा पावलांवर. शेजारी कुऱ्हाड घेऊन आपल्या बाजूला. नाझरानं काठी रोवली. आम्ही थांबलो.

ऊन आलं नाही. दुपार झाली, कलली. वर एकसारखा करडा उजेड, खाली कशालाच सावली नाही. ना काठीला, ना माणसांना. मध्येच वरून एक कवठ टक्कन पडलं आणि सगळे दचकले. नाझर अस्वस्थ होऊ लागला. त्यानं मला विचारलं, ऊन नसेल तर काय, यादीत काही आहे? यादी मला पाठ होती. काही नव्हतं. मग त्यानं तेच केलं जे कोणीही केलं असतं.

"काकाजी, कचेरीत तुमच्याइतका जुना कोणी नाही. ऊन पडलं नाही तर इथली चाल काय?"

शेजाऱ्यानंही कुऱ्हाड टेकवली आणि विश्वासानं त्यांच्याकडे पाहिलं. "सांगा ना जी. तुमी म्हनसान थे मले मान्य."

काकाजींनी तोंड उघडलं. वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. मला ते दिसत होतं. एक वाक्य, दोन श्वासांचं, आणि झाड राहिलं असतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बुंध्याकडे पाहिलं. मग तोंड मिटलं.

"मले माहीत नाही," ते म्हणाले.

नाझरानं सुस्कारा सोडला. "मग हुकूम आहे तसाच. सावली पडली असती तर पूर्वेलाच."

शेजारी पुढे झाला. काकू उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून, कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "सावली नाही पडली, त मंग खाली जे निजलं असन, झाड त्याचं. जुनी चाल हाये."

"कोणाकडून ऐकली?" नाझरानं विचारलं.

"माह्या सासूकडून."

काकू लग्न होऊन घरात येण्याच्या आधीच काकाजींची आई वारली होती. हे मला ठाऊक होतं, काकाजींना तर होतंच. मी टाक शाईत बुडवला.

नाझर शेजाऱ्याकडे वळला. "तुम्ही अशी चाल ऐकली आहे?"

तो नाही म्हणणार होता. त्याचे ओठ तसे हललेही. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरलं, हळूहळू, विसरलेलं नाव आठवावं तसं. "हो जी," तो म्हणाला. "माहा बापही सांगे. बैल पान्यात होते, मी बैलाच्या पाठीवर होतो, आन् त्यानं बोट दाखवून सांगतलं होतं. कसं इसरलो होतो मी!" त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि काकूंना विचारलं, "कोन हाये खाली?"

मी आयुष्यभर साक्षी लिहिल्या आहेत. खोटं बोलणारा माणूस मला कळतो. तो खोटं बोलत नव्हता.

नाझर म्हणाला, "लिहा." मी लिहिलं: या मुलखाची जुनी चाल अशी की. माझं अक्षर त्या दिवशीही चांगलं आलं आहे. कागद अजून असेल. शाई वाळते न वाळते तोच मावळतीला ढग फाटला आणि ऊन आलं. कवठाची लांब सावली शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत जाऊन पडली. शेजारी पटकन दोन पावलं मागे सरला, सावलीच्या बाहेर.

काकाजी मात्र पुढे आले आणि सावलीत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

झाड राहिलं. साहेबांनी निकालावर सही केली, मी यादीत नवी ओळ घातली आणि महिन्याच्या नकलांबरोबर ती अमरावतीला गेली. यादी पुरी ठेवणं हे माझं काम होतं. पुढच्या पोळ्याच्या आत पहिला वकील ती ओळ घेऊन उभा राहिला. मग धुऱ्याधुऱ्यावरून माणसं सांगू लागली की आमच्याही झाडाखाली कोणी आहे. झाडं तुटायची थांबली, हे खरं. पण साहेबांना संशय आला आणि त्यांनी खणून पाहायचा हुकूम काढला.

एक दिवस नांदगावाकडचा एक शेतकरी माझ्यापुढे येऊन बसला. तो म्हणाला, "साहेब, मी खोटं बोललो होतो. माह्या झाडाखाली कोनीच नव्हतं. झाड वाचवाले म्या तसं सांगतलं."

"मग?"

"खनलं तवा बांगड्या निंघाल्या. एवढ्या एवढ्या." त्यानं दोन बोटांचं कडं करून दाखवलं. "आता बायको म्हनते, तुमी इसरले, आपल्याले एक पोरगी होती."

काकाजी कोपऱ्यात रुमाल बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "कोनतं गाव?" त्यांनी विचारलं.

त्यानं गाव सांगितलं. काकाजींनी बोटांवर मोजलं. "म्हनजे तीस कोस. चालला आता तिकडं." आणि गाठ मारली. त्या वर्षाअखेर त्यांनी नोकरी सोडली. किल्ली मला देताना वहीत माझ्याकडून लिहून घेतलं की किल्ली माझ्याजवळ आहे.

आता मीही निवृत्त होऊन अमरावतीला राहतो. माझी सवय गेलेली नाही. घरातल्या वस्तूंची, माणसांची, जन्ममरणांची यादी माझ्याकडे आहे आणि ती बरोबर आहे. आमच्या घराण्यात कोणाचंही कधी वावर नव्हतं. आजोबा शहरात भिक्षुकी करत. माझ्या जन्माआधी दोन वर्षं ते गेले. हे सगळं तारखांसह लिहिलेलं आहे.

गेल्या पोळ्याला दुपारी ओट्यावर बसलो होतो. आभाळ भरलेलं, कशालाच सावली नाही. लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. आणि मला आठवलं. मी आजोबांच्या खांद्यावर होतो. त्यांच्या शेंडीला तेलाचा वास होता. आम्ही एका धुऱ्यावर उभे होतो, आणि मी विचारलं, हे झाड कोणाचं? त्यांनी वाकून बुंध्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं.

झाड कवठाचं होतं.